जॉस रेल्फचा हरवलेला खोकला

जॉस रेल्फ दुकानाच्या दारात दिसायच्या आधी त्याचा खोकला दुकानात पोचायचा. पुलापलीकडे तो गाडी उभी करायचा आणि उतरता उतरता छातीच्या तळातून असा काही खोकायचा, की मी हातातली बटाट्यांची पिशवी खाली ठेवून त्याचं सिगारेटचं पाकीट काउंटरवर काढायची. तो आत यायचा, मान हलवायचा, पाकीट उचलायचा आणि जायचा. आमच्या हार्टरबेक खोऱ्यात याला गप्पा मारणं म्हणतात.

मी डोरा गॅस्कार्थ. दुकान माझं, पोस्टाची खिडकी माझी, आणि खोऱ्यात कोणाचं काय चाललंय याची खबर ठेवायचं कामही माझंच. दुसऱ्या कोणावर सोपवलं तर ते धड होत नाही.

जॉस म्हणजे साठी ओलांडलेला, उंच, काटकुळा मेंढपाळ. त्याच्या मेंढ्या उन्हाळाभर वर डोंगरावर मोकळ्या असतात. त्यांना खाली आणायचं म्हणजे तो आणि त्याची कुत्री नेल, तिसरं कोणी नाही. नेलचा एक कान उभा, एक पडलेला. स्वभाव माझ्यासारखा, म्हणजे सांगितलेलं करते, पण आधी एकदा रोखून बघते. आणि जॉसची बायको हेटी, माझी शाळेपासूनची मैत्रीण. बुटकी, गोल, तुरुतुरु चालणारी. जॉस महिन्याभरात जेवढं बोलतो तेवढं ती जिना उतरता उतरता बोलते.

गेल्या हिवाळ्यात जॉसला न्यूमोनिया झाला. बरा झाला, पण डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "आणखी एक हिवाळा सिगारेट ओढलीत, तर डोंगर फक्त खिडकीतून बघायचा." हेटी तेव्हा रडली नाही, ओरडली नाही, नुसती गप्प बसून राहिली. जॉस मला नंतर म्हणाला की न्यूमोनियाला तो घाबरला नव्हता, पण हेटी गप्प बसली तेव्हा त्याचे हातपाय गार पडले. वसंतात कोकरं जन्मून झाली आणि त्यानं सिगारेट सोडली. हेटीनं त्याला शहरातून व्हेप आणून दिलं, म्हणजे धुराऐवजी वासाची वाफ ओढायची विजेवरची सिगारेट.

खरं सांगते, मी आयुष्यात इतकी कधी हसले नव्हते. हेटीनं पहिला स्वाद आणला कस्टर्डचा. सहा फुटांचा माणूस, चेहरा दगडी भिंतीसारखा, आणि त्याच्याभोवती रविवारच्या पुडिंगचा घमघमाट! मेंढ्यांना तर तो वास इतका आवडला, की ज्या जनावरांनी माणूस दिसला की पळायचं ती त्याच्या मागे मागे यायला लागली. एक म्हातारा एडका तर त्याच्या खिशात नाक खुपसूनच चालायचा. जॉस म्हणाला, "हे बंद." मग आंबा आला. आंब्यानं त्याला उचक्या लागायच्या. मग आला कडक पुदिना, आणि पुदिन्यानंतर त्याचं तोंड आलं.

तोंड आलं म्हणजे कसं? जिभेवर फोड, गालाच्या आत फोड, ओठाच्या कोपऱ्यात चीर. जीभ सदा कोरडी. चहा गार करून प्यायचा, मटण-पाईची कडक कड हेटी कापून ठेवायची, आणि पुडिंगवर जगायचा. कस्टर्डला नाक मुरडलं होतं ना, आता वाटी वाटी तेच. पण खरी पंचाईत वेगळी होती. कुत्रीला हुकूम द्यायची मेंढपाळाची शिट्टी दुमडलेल्या पत्र्याची, अर्धगोल असते. ती तोंडात, जिभेवर ठेवून वाजवायची असते. आणि जॉसचा सगळ्यांत मोठा फोड नेमका तिथेच उठला होता.

दर गुरुवारी नर्स बर्नाडेट माझ्या दुकानाशेजारच्या सभागृहात बसते. मधली भिंत पातळ आहे, त्याला मी काय करू? मी बिस्किटांचे डबे नेमके त्याच भिंतीला लावत होते.

"आ करा," बर्नाडेट म्हणाली. "अगं बाई! कधीपासून आहे हे?"

"सोडल्यापासून," जॉस म्हणाला.

"तुम्ही त्याला विचारूच नका, मला विचारा," हेटी म्हणाली. "सूपसुद्धा पीत नाही हो. परवा मोहरी लागली तर परसात नाचला."

"सिगारेट सोडली की सुरुवातीला बऱ्याच जणांचं तोंड येतं. त्यात व्हेपनं तोंड कोरडं पडतं, आणि हा पुदिना तर जखमेवर मीठच. तो आधी टाका. सारखं पाणी प्या, कोमट मिठाच्या पाण्यानं चुळा भरा. तीन आठवड्यांत भरून आलं नाही तर दाताच्या डॉक्टरांना दाखवायचं, टाळाटाळ करायची नाही. आणि हे व्हेपही जन्मभर चोखत बसायचं नाही, हळूहळू तेही कमी करा. पण एक सांगते, सिगारेटकडे परत गेलात तर मी स्वतः डोंगरावर येऊन तुमचे कान उपटीन."

"माझं वाजवायचं कसं?" जॉसनं विचारलं.

"काय वाजवायचं?"

"शिट्टी."

"तोंडानं बोला की! देवानं आवाज दिलाय ना?"

बर्नाडेट लिव्हरपूलची आहे. चांगली बाई, पण कुत्र्यांमधलं तिला काही कळत नाही.

आवाजानं डावीकडे जा, उजवीकडे जा, हे नेल ऐकायची. पण थांबायची नाही. जॉस "बस!" म्हणून घसा फाटेस्तोवर ओरडायचा आणि ती पडलेला कान नुसता हलवून पुढे धावायची. मोठ्या हिमतीनं फोडावर शिट्टी ठेवून, डोळ्यांतून पाणी काढत वाजवली तरी तेच. जून महिन्यात तिनं सगळा कळप डोंगरावरून जो सुसाट खाली आणला तो थेट ओढ्याकाठी तंबू ठोकून सुट्टी घालवणाऱ्या लोकांत घातला. सकाळची वेळ. आंघोळीच्या रांगेत लोक टॉवेल गुंडाळून उभे. मेंढ्या रांगेतून आरपार गेल्या, आणि दोन टॉवेल शिंगांवर घेऊन गेल्या. बर्मिंगहॅमचा एक गृहस्थ साबणाच्या फेसात, अंगावर फक्त टोपी ठेवून, माझ्या दुकानाच्या दाराशी मदत मागत आला. मी त्याला आधी ॲप्रन दिला आणि मग हसायला आत गेले.

जॉसला मात्र हसू आलं नाही. ज्याची कुत्री थांबत नाही, तो डोंगरावर मेंढ्या ठेवू शकत नाही. आज तंबू, उद्या कडा. तो दुकानात आला तेव्हा त्याचा चेहरा बघून माझंही हसू आटलं.

"एक पाकीट दे, डोरा."

"देणार नाही."

"पेट्रोल पंपावर मिळतं."

"मग पंपावर जा! माझ्या हातानं नाही मिळायचं."

तो पंपावर गेला. पण पाकीट फोडलं नाही. घरी जाऊन टेबलावर हेटीपुढे ठेवलं आणि लग्नानंतरचं सर्वांत लांब भाषण केलं. "हे तुझ्याकडे ठेव. ओढत होतो तेव्हा नेल थांबत होती. सोडली, आणि ती बिघडली. का, ते मला कळत नाही. ऑगस्टच्या मेळाव्यात, कुत्र्यांच्या स्पर्धेत मी तिला उतरवणार. थांबली, तर ठीक. नाही थांबली, तर त्याच संध्याकाळी हे मला परत द्यायचं, आणि तू एक शब्द बोलायचा नाहीस."

"आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या ते?" हेटीनं विचारलं.

"मेंढ्याच नसतील तर डोंगर चढून करू काय? देखावा बघू?"

हेटीनं पाकीट ॲप्रनच्या खिशात टाकलं. त्याच्याशी वाद घालून उपयोग नसतो हे तिला माहीत होतं. मला सांगायला आली तेव्हा मात्र माझ्या काउंटरवर डोकं टेकून म्हणाली, "डोरा, मला तो हवाय गं. बिनमेंढ्यांचा, बिनकुत्रीचा, कसाही चालेल." मी तिला चहा दिला. दुसरं काय देणार होते?

उलगडा झाला तो जुलैत, मेंढ्यांच्या लिलावात. कठड्याभोवती सगळं खोरं गोळा झालेलं. जॉसच्या शेजारी नेल उभी, आणि पलीकडे आयझॅक माउन्सी. हा आयझॅक म्हणजे जॉसचा जन्माचा प्रतिस्पर्धी. मेळाव्याचा चषक एक वर्ष याच्या घरी, एक वर्ष त्याच्या घरी. सिगारेट आयझॅकही ओढतो, आणि त्याचा खोकला म्हणजे रिकामी ट्रॉली खडीवरून ओढल्यासारखा. तो खोकला, आणि नेल धपकन पोटावर बसली.

ती उठली. आयझॅक पुन्हा खोकला. नेल पुन्हा खाली. मग लिलाववाल्याचा घसा अडकला, कठड्यापलीकडच्या दोन म्हाताऱ्यांना त्याचा संसर्ग झाला, आणि नेल खाली-वर, खाली-वर, बिचारीच्या नाकी नऊ आले. हेटीच्या हातातलं सँडविच तसंच राहिलं. तिनं आयझॅकची बाही धरली आणि त्याला फरपटत बाहेर आणलं. नेल आणि मी मागोमाग.

"आयझॅक, खोक."

"कशाला?"

"खोक म्हणते ना!"

"अगं, असा सांगून येतो का खोकला? काही रीतभात—" आणि एवढ्यात त्याला खरंच आला. नेल चिखलात सपाट.

हेटी कठड्याकडे वळली. "जॉस!" तिनं हाक मारली. "इकडे ये, मूर्ख माणसा! कुत्री बिघडलेली नाही. तू बरा झालायस!"

मग सगळं लक्षात आलं. नेलला थांबवायचं असलं की जॉस शिट्टी तोंडात घालायला आधी सिगारेट बाहेर काढायचा. सिगारेट काढली की खोकला यायचा. मग शिट्टी. पिल्लू होती तेव्हापासून नेलनं हाच क्रम ऐकला होता, आणि शहाण्या जनावरानं शिट्टीची वाट बघायची कशाला? खोकला आला की ती बसायची. जॉसला वाटायचं, शिट्टीला बसते. एवढी वर्षं आपण कुत्रीला खोकल्यावर शिकवलं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

"मग खोक की," मी म्हटलं. "सोपं झालं."

जॉस खोकला. नेलनं त्याच्याकडे असं बघितलं, जसं मी सुट्टे नसताना मोठी नोट काढणाऱ्याकडे बघते. तो पुन्हा खोकला. चर्चमध्ये पाद्री घसा साफ करतात तसा, गोड, कोरडा, काही कामाचा नाही. छातीतली सगळी घरघर गेली होती. पुढच्या गुरुवारी बर्नाडेटनं नळी लावून ऐकलं आणि आनंदानं टाळी वाजवली. जॉसनं मात्र डोक्याला हात लावला.

पुढचा महिना माझ्या दुकानाबाहेरच्या बाकावर खोकल्याची शिकवणी चालली. गुरू आयझॅक.

"घशातून नको रे गड्या, पोटातून काढ! जुना ट्रॅक्टर थंडीत सुरू करतोस ना, तसं."

"ख्हं."

"हा खोकला आहे का उंदराची शिंक? परत."

"ख्हंक्."

"छे! तुझ्यात काही दमच उरला नाही."

"उरलाय म्हणूनच येत नाही," हेटी आतून ओरडली.

गिऱ्हाईकं थांबून सल्ला देत होती. कोणी मिरपूड सुचवली, कोणी आयझॅकचा खोकला फोनवर भरून घ्यायला सांगितलं. ते नियमात बसत नव्हतं. फोड मात्र एकेक करून भरत आले. पुदिना बंद झाला होता, चुळा चालू होत्या, आणि जॉसला कमी वेळा व्हेप लागायला लागलं होतं. राहिला होता तो एकच, जिभेवरचा, शिट्टीच्या जागेवरचा. दाताच्या डॉक्टरांनी तो बघून काळजीचं काही नाही म्हटलं होतं.

मेळाव्याच्या दिवशी ऊन पडलं. आमच्याकडे ऑगस्टमध्ये ऊन पडलं की लोक एकमेकांकडे संशयानं बघतात. मी चहाच्या तंबूत होते. मैदान समोरच. काम असं असतं की माणूस खुंटापाशी उभा राहतो, कुत्री समोरच्या उतारावर जाते, पाच मेंढ्या आणते, दोन फाटकांतून काढते आणि शेवटी एका छोट्या कोंडवाड्यात घालते. कोंडवाड्याच्या दाराची दोरी माणसाच्या हातात. तिथे कुत्रीनं नेमक्या जागी थांबावं लागतं. पाऊलभर पुढे गेली की मेंढ्या चारी दिशांना.

परीक्षक रदरफर्ड स्कॉटलंडहून आले होते. आयझॅकचा डाव सकाळीच झाला होता, आणि उत्तम झाला होता. तरीही तोच त्यांच्याकडे गेला. "साहेब, बघणाऱ्यांतलं कोणी खोकलं आणि कुत्री बसली, तर?"

रदरफर्डनी नियमांची वही उघडली. "ती बाहेरची मदत. डाव बाद."

झालं. कर्ण्यावरून सूचना झाली, जॉस रेल्फ यांचा डाव संपेपर्यंत कृपया कोणीही खोकू नये. आता विचार करा, खोऱ्यातले झाडून सगळे म्हातारे जमलेले, आणि सांगितलं, खोकू नका! ज्यांना जन्मात कधी खोकला झाला नव्हता त्यांच्याही घशात खवखवायला लागलं. मी पेपरमिंटच्या गोळ्यांची बरणी घेऊन दोरीच्या कडेनं धावले. सगळ्यांचे गाल फुगलेले, डोळे वटारलेले, चेहरे बीटरूटसारखे. श्वासाचासुद्धा आवाज नाही. हेटी दोरीपाशी उभी होती, उजवा हात ॲप्रनच्या खिशात.

नेल निघाली. अशी सुंदर निघाली की मी गोळ्या वाटायचंच विसरले. उतारावरून मेंढ्या आणल्या, पहिलं फाटक, दुसरं फाटक. जॉस आवाजानं तिला डावी-उजवी करत होता. कोंडवाड्याशी आल्या. जॉसनं दोरी धरली, दार उघडलं. मेंढ्या दाराशी थबकल्या. आता नेलनं थांबायला हवं होतं.

"बस," जॉस म्हणाला. नेल एक पाऊल पुढे.

तो खोकला. पाद्र्यांसारखा. नेल आणखी एक पाऊल पुढे. एका मेंढीनं मान वळवली. त्यानं शिट्टी जिभेवर ठेवली, कळवळला, हवाच निघाली. मी हेटीकडे बघितलं. तिचे डोळे मिटलेले होते.

आणि त्याच वेळी आयझॅकला उबळ आली. मला ती येताना दिसली. नाक फुललं, मान सुजली. खोकला असता तर जॉस बाद, आणि चषक याच्या घरी, कोणी दोषही दिला नसता. पण तो दोन्ही हातांनी तोंड दाबून आपल्या गाडीकडे पळाला. या वयात इतका पळताना त्याला कोणी पाहिलं नव्हतं. आत घुसला, दार ओढलं, काचा वर केल्या आणि आत जो काही खोकला, जो काही खोकला! बाहेर जराही आवाज नाही. पण ती जुनी गाडी चार चाकांवर गदागदा हलत होती, काचांवर वाफ धरली होती, आणि वाफेत मधेच आयझॅकचा जांभळा चेहरा काचेला चिकटायचा आणि परत जायचा.

गाडी कोंडवाड्याच्या अगदी समोर होती. जॉसनं ती बघितली.

त्याचे खांदे आधी हलले. मग त्यानं दोरीवरच्या हातात तोंड लपवायचा प्रयत्न केला. आणि मग ते आलं, छातीच्या तळातून, खडखडत, धडधडत, थेट पुलापलीकडून माझ्या दुकानात पोचायचं तसं. पण तो खोकला नव्हता. जॉस रेल्फ हसत होता.

नेल जागच्या जागी पोटावर बसली.

मेंढ्यांनी तिच्याकडे बघितलं, एकमेकींकडे बघितलं, आणि एकापाठोपाठ एक कोंडवाड्यात चालत्या झाल्या. जॉस हसता हसता दार लावायचंच विसरत होता. शेवटी त्यानं ते लावलं, आणि मग सगळं मैदान एकदम खोकलं. काय तो आवाज! नेल उठायचं नावच घेईना.

रदरफर्डनी डोळे पुसले आणि सांगितलं की माणसानं हसू नये असा काही नियम नाही, पण कुत्रीनं उठावं असा आहे. म्हणून जॉस तिसरा. चषक आयझॅकला. त्यानं तो घेतला आणि सगळ्यांदेखत त्यात चहा ओतून नेलला पाजला.

जॉस दोरीपाशी आला. हेटीसमोर उभा राहिला. हसून हसून त्याच्या गालांवर ओघळ आले होते.

"दे ते," तो म्हणाला. "शेगडीत टाकतो."

हेटीनं खिशातून हात बाहेर काढला आणि मूठ उघडली. पाकिटाचा पार चेंदामेंदा झाला होता. कागद, तंबाखू, सगळा चुरा. नेल पहिलं पाऊल चुकली तेव्हापासून हेटी ते आवळत होती, आणि तिला कळलंही नव्हतं. बोटांवर वळ उठले होते.

जॉसनं ती मूठ आपल्या हातात घेतली आणि चुरा गवतात झटकला. मग बराच वेळ ती सोडली नाही. मी तंबूत परत गेले, कारण किटली उतू जात होती, आणि कारण मला नाक शिंकरायचं होतं.

आता हिवाळा आहे. जॉसचं तोंड केव्हाच बरं झालंय. व्हेप माझ्या काउंटरखाली पडलंय. आठवण म्हणून ठेव, म्हणाला. डोंगर चढताना तो आता भिंतीला टेकत नाही. दुकानात येतो तेव्हा मला कळतही नाही, एकदम समोर उभा दिसतो आणि मी दचकते. पण नेल आता शिट्टीला बसत नाही आणि खोकल्यालाही नाही. ती जॉसच्या हसण्याला बसते. डोंगरावर तिला थांबवायचं असलं की त्याला आयझॅकची गाडी आठवावी लागते. मी खाली पुलावर उभी असले की वरून ते खडखडणारं हसू ऐकू येतं आणि एक काळा ठिपका जागीच थांबतो.

हेटीची मात्र तक्रार आहे. म्हणते, संध्याकाळी घरात ही कुत्री सारखी बसलेलीच असते.